बर्फ न लावणारी गुणाबाई

पनवेलच्या मासळी बाजारात गुणाबाईच्या पाटीपुढे उभं राहायचं, तर थोडा अपमान गिळायची तयारी हवी. चाळीस वर्षं ती मासळी विकत आली, आणि बर्फ लावलेला मासा तिने कधी पाटीत घेतला नाही. याचा तिला भारी ताठा. शेजारणी शिळं पापलेट "आताच आलंय, ताई" म्हणत खपवू लागल्या की ही मोठ्याने म्हणायची, "हां, आताच आलाय. परवा मेला आन् आताच आलाय." त्यामुळे बाजारात तिला मैत्रीण अशी उरली नव्हती. गिऱ्हाइकं मात्र नवीन पनवेलहून रिक्षा करून यायची.

अशा बाईच्या नवऱ्याला म्हातारपणी बर्फाचे डोहाळे लागावेत, ही देवाची थट्टाच म्हणायची.

उलव्याकडे खाडीत भराव पडू लागल्यापासून तिच्या नवऱ्याची, सुदामची होडी काठावर पालथी पडलेली. त्यात दोन हजार चौदा साली डॉक्टरांनी त्याचं हृदय तपासलं आणि "जपा" एवढंच सांगितलं. तेव्हापासून तो मरणाला असा घाबरला की शेजारच्या मयतालाही जाईना. तशात भाचा भावेश नवा मोबाइल घेऊन आला आणि त्यावरून वाचून दाखवू लागला. अमेरिकेत म्हणे मेलेली माणसं गोठवून टाकीत उलटी टांगून ठेवतात, पुढे औषध निघालं की उठवणार. सगळं अंग ठेवणं झेपत नसेल, तर नुसतं डोकंही ठेवतात.

"नुसती मुंडी?" गुणाबाई म्हणाली. "सुरमयच्या मुंडीचा कालवन तरी होतं. यांच्या मुंडीचा काय करतील ते?"

सुदाम हसला नाही. "गुणे, मना इतक्यात मरायचा नाय. कुंदनचा लगीन बघायचा हाय."

कुंदन त्यांचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि वर्षातून एकदा, तोही पाहुण्यासारखा, घरी यायचा.

सत्यनारायणाला गुरुजी आले, तेव्हा सुदामने विषय काढलाच. गोठवून घेतलं तर पाप लागतं का? गुरुजींनी डोळे मिटले. शास्त्र लिहिलं तेव्हा फ्रीज नव्हते, त्यामुळे ऋषींची थोडी अडचण झाली होती.

"दहन नाही, म्हणजे दहावा नाही. कावळ्याला बोलवायचं तरी कशाला?" ते म्हणाले. "सुतक मात्र लांबणीवर पडेल. आणि आत्मा बिचारा तिष्ठत राहणार."

"टाकीबाहेर बाकडं टाकू," भावेश म्हणाला.

"आन् माझा काय?" गुणाबाईने विचारलं. "यांना टाकीत ठेवल्यावर मी कुकू लावायचा का पुसायचा?"

गुरुजींनी आणखी थोडा शिरा मागून घेतला. इतका सोपा प्रश्न अमेरिकेतल्या विद्वानांनाही कुणी विचारला नसावा.

"बरफ मावऱ्याला कुजू देत नाय," गुरुजी गेल्यावर ती नवऱ्यावर खेकसली, "पन जिता बी करत नाय. चालीस वर्सा माझा खाल्लाव, येवढा कलला नाय तुमाला?" तिला राग त्याचा नव्हताच. याला आपण वाचवू शकत नाही, याचा होता.

चार महिन्यांनी, भर दुपारी, आता पाण्यात कधीच न जाणारं जाळं दुरुस्त करता करता सुदाम गेला. कुंदनचं जहाज सिंगापूरला होतं. यायला दोन दिवस लागणार होते. घरात सगळे एकमेकांकडे बघू लागले. काय करावं लागेल ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण गुणाबाईपुढे तो शब्द काढणार कोण?

तिनेच भावेशला हाक मारली. "कलंबोलीला जा. लाद्या घेऊन ये. फुटक्या नको आनूस."

आयुष्यात पहिल्यांदा तिने बर्फ मागवला आणि दुसऱ्या कुणालाही हात लावू दिला नाही. खाली गोणपाट, त्यावर भुसा, दोन्ही अंगांना लाद्या, चेहऱ्याला एकही टेकू दिली नाही. बाजारातल्या शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. चाळीस वर्षांचे टोमणे फेडायची एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती, पण एकीनेही तोंड उघडलं नाही.

कुंकू प्रेत उचलताना पुसायचं, असं गुरुजींनी सांगितलं. म्हणजे तोवर सुदाम पुरता मेलेला नव्हता, त्याला हवं होतं ते मिळालं. फक्त टाकी नव्हती, आणि मुदत दोन दिवसांची होती. ते दोन दिवस गुणाबाई कपाळभर कुंकू लावून, वितळलेलं पाणी पदराने टिपत त्याच्याजवळ बसली. लादी बारीक झाली की दुसरी मागवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदन आला. बापाचा हात हातात घेतला आणि दचकून सोडला. मग बराच वेळ रडला. बाहेर तिरडी बांधून तयार होती. गुरुजी घड्याळ बघत होते.

"आये," कुंदन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता नेऊया बाबांना."

गुणाबाईने कपाळ पदराने झाकून घेतलं.

"येवढी घाय कसली?" ती म्हणाली. "आताच त गेलाय."