पंचा बाहेर असेल तर

आमच्या खाडीवर सायरनला कोणी विचारत नाही. नव्या माणसाला खोटं वाटेल, पण त्याला कारण आम्हीच. दिवेआगरकडचा पेशंट अलिबागला न्यायचा तर गाडीसकट बोटीवर चढायचं आणि खाडी ओलांडून पलीकडं उतरायचं. नाहीतर घाटातून लांबचा वळसा. अँब्युलन्स आली की बोट थांबवायची, हा बोट चालवणाऱ्या तांडेलाचा जुना रिवाज. आम्ही दोन खासगी गाडीवाले रिकाम्या गाडीनं जातानासुद्धा सायरन लावून बोट थांबवायचो. कारण पलीकडं जो आधी पोचेल त्याला हॉस्पिटलातून घरी सुटणारा पेशंट मिळायचा. शेवटी तांडेलानं कान बंद करून घेतले.

तेव्हापासून पंचा आला. कोणी सुरू केला ते मला ठाऊक नाही. पेशंट खरा असेल तर सोबतच्या माणसानं खिडकीतून हात काढून पंचा हलवायचा. पंचा दिसला की बोट परत धक्क्याला लागते, रांगेतले टेम्पो बाजूला होतात, आणि आम्ही दोघं वैरीसुद्धा एकमेकांना साइड देतो. बाकी सगळं खोटं करू, पंचा खोटा करायचा नाही. आमच्या धंद्यात तेवढीच एक गोष्ट स्वच्छ होती, आणि ती मी सिनेमावाल्यांना फुकट देऊन टाकली.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली, मग ट्रॅक्टर, मग फरशीचा ट्रक. त्या ट्रकबरोबर इकडं आलो आणि ट्रकमालकाशी भांडण होऊन इथंच राहिलो. तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला होता आणि त्याची भीतीच जास्त वाटली होती. एका शेठनं हाताला काम दिलं. त्यांचे दोन डंपर, एक जेसीबी आणि ही अँब्युलन्स. आडनाव विचारलं नाही, लायसन्स तेवढं बघितलं. "बघ रं, गाडी धू, गॅस भरलेला ठेव, आन् पेशंटसमोर रडू नको," एवढंच शिकवलं. गॅस म्हणजे ऑक्सिजन. मी अजून दिवसातून तीनदा त्याचा काटा बघतो. पहिल्या महिन्यात झोपेतून उठून बघायचो.

जेवायला दिवेआगरात एका काकूंकडं जायचो. चक्रीवादळानं त्यांची सुपारीची वाडी आडवी झाली, तेव्हा त्यांनी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या आणि चुलीवर जेवण सुरू केलं. नवरा आधीच गेलेला, मुलगा मस्कतला, घरात सून. मला मासा खाता यायचा नाही, काटे अडकायचे. काकू बोंबलाचा काटा काढून माझ्या ताटात टाकायच्या, सगळ्यांच्या देखत. मी "कामून असं करता?" म्हणालो की पोरासारखी नक्कल करायच्या, "कामून, कामून! काटा अडकला तर तुला न्यायला कोण येईल, तूच ना अँब्युलन्सवाला?" आईनंसुद्धा माझं इतकं केलं नसेल. आईला सहा जणांचं करावं लागायचं.

दुसरी अँब्युलन्स भाईची. सगळे त्याला भाईच म्हणतात. बारा वर्षं आखातात ड्रायव्हर होता, परत येऊन स्वतःची गाडी घेतली. तो मला नावानं हाक मारत नसे. "ओ घाटी, तुझ्या गावाला पाणी तरी हाय का, इकडं बोटीवर चढतोस ते?" मी म्हणायचो, "पाणी नाही, पण गिऱ्हाईक चोरणारे पण नाहीत." एकदा त्यानं माझा पेशंट दवाखान्याच्या दारातून उचलला, नातेवाइकांना सांगून की घाटी घाटातल्या वळशानं नेतो. पुढच्या आठवड्यात मी त्याचा उचलला. अशी आमची मैत्री.

सिनेमावाले आले ते पावसाळ्यानंतर. दोन अँब्युलन्सवाले पेशंटसाठी भांडतात, अशी त्यांची गोष्ट. त्यांना एक खरी गाडी हवी होती, दुसरी ते मुंबईहून रंगवून आणणार होते. भाई दोनदा भेटून आला, पण शेठची ओळख मोठी, गाडी आमची लागली. भाईनं धक्क्यावर सगळ्यांसमोर ऐकवलं, "हीरो झाला घाटी. आता पेशंटला आटोग्राफ दे, म्हणजे वाटेतच मरंल खुशीनं."

दिग्दर्शक बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. मला "दादा" म्हणायच्या, "तुम्ही" म्हणायच्या, आणि जेवायला स्वतःच्या रांगेत बसवायच्या. असं कोणी केलं की मी वितळतो, ही माझी खोड आहे. मी विचारलं, "हा विनोदी आहे का दुःखाचा?" त्या म्हणाल्या, "डार्क कॉमेडी, दादा. माणसं मरतात आणि लोक हसतात." मी म्हणालो, "आमच्याकडं मेल्यावर कोणी हसत नाही." तर त्या त्यावरच खूप हसल्या.

मग त्यांनी विचारलं, इथलं काही खास सांगा, जे बाहेरच्यांना ठाऊक नाही. मी पंच्याचं सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या. "हे घ्यायलाच पाहिजे!" लगेच लिहिणाऱ्याला बोलावलं. ठरलं ते असं: दोन्ही गाड्या धक्क्याच्या उतारावर, दोन्ही गाड्या रिकाम्या, दोन्ही खिडक्यांतून पंचे हलतायत आणि कोणी कोणाला साइड देत नाही. पंचा खोटा करायचा नसतो, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "दादा, तुमच्यामुळं सीन झाला." मी तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो सीन होता. त्यांच्या माणसानं तांडेलाला आणि रांगेतल्यांना सांगून ठेवलं, "आज सायरन ऐकू येतील, पंचे दिसतील, कोणी हलायचं नाही, सगळी अ‍ॅक्टिंग आहे." सगळ्यांचे फोन एका पेटीत जमा केले, शॉटमध्ये वाजू नयेत म्हणून. माझा पण. माझी गाडी उतारावर आडवी लावली. रंगवलेली गाडी मागून येऊन अडणार आणि आतला नट मला शिव्या देणार. दोनदा झालं, बाईंना पटलं नाही. तिसऱ्या वेळेला नटाची गाडी मागं नेत होते आणि कॅमेरा चालूच होता, तेवढ्यात वरच्या वळणावरून सायरन आला.

भाईची गाडी. खिडकीतून हात बाहेर, हातात पंचा.

मी काय विचार केला ते आज स्वच्छ लिहितो, कारण पुढं मी त्याला बरीच नावं दिली, गैरसमज, गोंधळ, नशीब. मला वाटलं, भाई सिनेमात घुसायला आलाय. हात बाईचा होता, हिरव्या बांगड्या भरलेला. मला वाटलं, बाई पण आणली नटवायला, काय डोकं आहे या माणसाचं! पण हेही खरं की आत कुठंतरी दुसरा विचार उठला होता: हात जास्तच जोरात हलतोय. नट असा हलवत नाहीत. तो विचार मला दिसला होता. मी त्याला खाली बसवलं.

भाई ओरडत होता, "घाटी, गाडी काढ! सच्ची पेशंट हाय! काढ रे!"

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भाई, ह्यात तुझा रोल नाही! आधी ऑडिशन दे!"

धक्का हसला. रांगेतले टेम्पोवाले, चहावाला, सिनेमाची माणसं, सगळे. बोटीवरचे पण हसले. बोट भरली होती, गाड्या चढायची फळी उचलली होती. एरवी पंचा बघून तांडेलानं फळी खाली सोडली असती. त्यानं भाईच्या गाडीकडं बघितलं, हात हलवून सलाम केला आणि बोट सोडली.

भाई उतरला. मला वाटलं मारतोय. त्यानं मारलं नाही. दार उघडून माझी कॉलर धरली आणि ओढत आपल्या गाडीच्या मागच्या दाराशी नेलं. आत काकू होत्या. चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळलेली, उजवा डोळा उघडा, तोंडातून लाळ. सून एका हातानं त्यांचं डोकं धरून होती आणि दुसरा हात अजून खिडकीतून बाहेर, अजून पंचा हलवत होती.

मी पाण्यापर्यंत पळालो. शर्ट काढून हलवला, छातीवर मारून घेतलं, तांडेलाच्या आईवरून शिव्या दिल्या. बोटीवरच्या लोकांनी मोबाइल काढून माझं शूटिंग केलं. त्यांना सांगितलेलंच होतं.

दिग्दर्शक बाईंना कळलं तशा त्या पांढऱ्या पडल्या. "कट, कट" ओरडल्या आणि स्वतः पलीकडं फोन लावत सुटल्या. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पण भरलेली बोट पलीकडं जाऊन रिकामी होऊन परत यायला जो वेळ लागतो तो लागतोच. वळशानं गेलो असतो तर त्याहून जास्त. आम्ही धक्क्यावर उभे राहिलो. भाई काकूंना वारा घालत होता. मी सुनेला पाणी दिलं, तिनं घेतलं. ती म्हणाली, "सकाळपासून तुम्हाला फोन लावतेय. आईंनी पडल्या पडल्या तुमचंच नाव घेतलं. लागला नाही, म्हणून भाईंना लावला." माझा फोन पेटीत होता.

अलिबागला डॉक्टरांनी सांगितलं, अर्धांगवायूवर एक इंजेक्शन असतं, ते ठरावीक वेळेच्या आत द्यावं लागतं. ती वेळ थोडक्यात हुकली. काकू वाचल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

शेठ म्हणाले, "तू काय केलास? शूटिंग होतं. तांडेलाला त्यांनी सांगितला, तू न्हाय. तोंड बंद ठेव. मी हाय ना?" त्यांचं हे 'मी हाय ना' ऐकूनच मी या किनाऱ्यावर जगलो होतो. मी तोंड बंद ठेवलं. सायरनच्या गोंगाटात सुनेला माझं बोलणं ऐकूच आलं नव्हतं, तिला वाटत राहिलं की उन्हात मला ते दिसलेच नाहीत. भाईनं कोणाला काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून तो मला घाटी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. धक्क्यावर समोर आला तर पंचा असो नसो, मलाच आधी जाऊ देतो, आणि ते शिवीपेक्षा वाईट आहे.

सिनेमा आला तो मोबाइलवर. आमच्या धक्क्यावर सगळ्यांनी बघितला. त्यांनी ते त्यात घातलं होतं, माझं वाक्य. भाईचा चेहरा काढलेला, त्याच्या जागी नटाचा, पण माझं खिडकीतून अर्धं बाहेर येणं तेच आणि मागचं हसणंही तेच, धक्क्याचं खरं हसणं. टेम्पोवाले ते पुन्हा पुन्हा लावायचे. "ऑडिशन दे!" मला बघून पोरं ओरडायची. वाक्य लोकांना इतकं आवडलं की त्याच्या चित्रफिती फिरल्या.

त्यातली एक सुनेपर्यंत गेली.

मी रोज दुपारी काकूंना बघायला जायचो. त्या दिवशी सून ओटीवर उभी होती. फोन पुढं केला. चित्र थांबवलं होतं: कडेला, माझ्या खांद्यापलीकडं, जेमतेम दिसेल एवढा एक हात, हिरव्या बांगड्या.

"हा माझा हात आहे," ती म्हणाली.

तिनं चित्र सुरू केलं, माझं वाक्य वाजलं.

"तुम्ही बघताय माझ्याकडं. नीट बघताय आणि मग हे बोलताय. आम्ही दिसत होतो ना तुम्हाला?"

खोटं तयार होतं. शेठनं दिलेलं, घासूनपुसून ठेवलेलं. ऊन होतं, काच होती, सायरन होता. पण आतून काकूंचा आवाज आला, नुसता घशातला, कोणीतरी या म्हणून. त्या आवाजापुढं मला खोटं बोलता आलं नाही.

"दिसत होता," मी म्हणालो. "हात दिसत होता. खरा असेल असंपण वाटलं होतं. तरी नाही काढली गाडी."

ती रडेल, मारेल, गावाला हाक घालेल, सगळ्याची मी तयारी केली. तिनं फोन कमरेला खोचला. आत परत आवाज आला.

"त्या ओल्या झाल्यात," ती म्हणाली. "मला एकटीला उचलवत नाहीत. चला."

आत गेलो. मी काखेत हात घातले, तिनं पाय धरले. काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. तिनं त्यांना काही सांगितलं नाही. कूस बदलली, चादर ओढली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "संध्याकाळी सहाला परत उचलायला लागेल. भाई येतात रोज, पण आज ते मुरूडला गेलेत."