मोकळा पाट

भास्करराव गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा आला तेव्हा मी पेटीचा भाता चिकटवत बसलो होतो. नाताळ तोंडावर आला होता, आणि नाताळच्या कीर्तनात भात्यातून हवा गळलेली त्यांना खपत नसे. प्रभूची क्षमा पेटीवाल्यांना लागू नाही, म्हणायचे. "काका, बाबा पहाटे गेले," मुलगा म्हणाला. मी गोंदाने बरबटलेल्या हातांनी तसाच धावलो...

देवासच्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात, आणि क्वार्टरही भिंतीला भिंत लागून. ते नगरकडचे ख्रिस्ती, घराण्यातच कीर्तन. उपरणं, टाळ, पेटी सगळं आपल्यासारखंच, कथा मात्र येशूची. तिकडे त्यांना ऐकायला गाव लोटायचं. देवासात श्रोते म्हणजे मी, त्यांच्या पत्नी मार्थावहिनी आणि भिंतीवरची पाल. देव जगात येऊन गेला आणि जगाला पत्ताच नाही, हा त्यांचा आवडता विषय. तो सांगायला माणसं मिळत नाहीत, याचं त्यांना खरोखर दुःख होतं. मी चिडवायचो, देवाचं राहू द्या, जगाला अजून तुमचाही पत्ता लागलेला नाही.

अशात एका रामनवमीला धारच्या माझ्या मामांकडे ठरलेले बुवा ऐन वेळी तापाने पडले. मामांनी पूर्वी आमच्याकडे मुक्कामाला असताना भिंतीपलीकडून, शब्द न कळता, भास्कररावांचं गाणं ऐकलं होतं. नाव भास्करराव, गळा असा गोड. मामांना शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांनी माणूस पाठवून बोलावणं धाडलं. वहिनींचं मत, गावं आणि यावं, सांगायचं कशाला?  बसमध्ये धार जवळ आलं तसे भास्करराव म्हणाले, "त्याला जगानं ओळखलं नाही, त्याला माझा इलाज नाही. पण मीच माझी ओळख लपवली, तर त्याचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ?"

माणसांनी भरलेल्या खोलीत उभं राहून त्यांनी हात जोडले आणि सांगून टाकलं, मी ख्रिस्ती आहे, चालत नसेल तर परत जातो. सगळे मामांकडे बघू लागले. मामा जुन्या वळणाचे, सोवळं कडक.  मामांनी समोरच्या मोकळ्या पाटाकडे बोट केलं. रामकथा असते तिथे मारुती येऊन बसतो, म्हणून एक पाट मोकळा ठेवायची आमच्याकडे रीत. "तो कोणत्या रूपाने येतो, आम्हांस ठाऊक नाही," मामा म्हणाले. "आलेल्यास परत धाडणे या घरी नाही. सुरू करा, बुवा."

भास्कररावांनी पाटापासूनच सुरुवात केली. ओळखू न येणाऱ्यासाठी तुम्ही जागा राखता. माझा देव आला तेव्हा कुणी पाट मांडला नव्हता. गोठ्यात जन्मला, आणि सुताराचा पोर म्हणून गावानेच हसण्यावारी नेला... मामी डोळे पुसत होत्या. मागून एक म्हातारे कळवळून माळवी हिंदीत म्हणाले, "किसी एक ने तो पहचाना होगा, भिया?" खोलीभर हसू पिकलं, आणि सर्वांत मोठ्याने हसले ते भास्करराव. किती वर्षांनी त्यांना कुणी असं मधेच अडवलं होतं!

परतताना मी विचारलंच, तुमच्या त्या न ओळखणाऱ्या जगात आम्हीही आलो ना? "तो येशूच, हे मी मरेपर्यंत सांगणार," ते म्हणाले. "पण न ओळखणाऱ्यांत पहिला मी. रोज दारावरनं जात असेल, मला कुठं कळतं?"

मामांनी तो पाट त्यांना देऊन टाकला होता. तो दाराशी मांडलेला असे, आणि अनोळखी माणसाला नाव विचारण्याआधी त्यावर बसवायचं, हा घरचा नियम झाला. एकदा बागलीहून मुलगी बघायला आलेला कुणी नवरदेवाचा काका घर चुकून तिथे शिरला आणि जेवून, झोपून, संध्याकाळी उठला. भास्करराव महिनाभर खूष होते.

ते गेले त्याच नाताळाला वहिनींनी गाणी ठेवलीच. मी पेटी घेऊन गेलो; गोंद पक्का बसला होता. घर माणसांनी भरलेलं, माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी पाटाकडे वळलो. वहिनींनी दंड धरून मला थांबवलं.

"भाऊजी, तुम्ही सतरंजीवर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आम्ही ओळखतो."