रुमाल टाकलेली जागा

आमच्या नव्यानं आखलेल्या ऑफिसात आता कुणाचीच जागा ठरलेली नाही. टेबलांना चाकं आहेत, भिंतींनाही आहेत. मी एकदा चहा पिऊन परतलो, तर आख्खा खरेदी विभाग जिन्यापाशी पोचला होता. निम्मे लोक घरून काम करतात. उरलेल्यांनी सकाळी मोबाइलवर जागा धरायची.

सावंतबाई एकवीस वर्षं एकाच खिडकीशी बसल्या. निवृत्तीला दोन महिने उरलेत, तेवढे तिथेच काढायचेत, एवढंच त्यांचं मागणं. पण त्यांचं बोट पोचेपर्यंत मोबाइलवरची जागा गेलेली असते. सोमवारी त्यांनी एसटीत टाकतात तसा खुर्चीवर रुमाल टाकला आणि त्या डबा ठेवायला गेल्या.

तेवढ्यात हे ऑफिस आखणारा तरुण आर्किटेक्टच लॅपटॉप घेऊन आला आणि खुर्चीपाशी थबकला.

"बसा की साहेब. तुमचंच बुकिंग ना?" मी म्हणालो.

"आहे हो. पण रुमाल आहे ना त्यावर!"

भिंती हलवणारा माणूस, पण हळदीचा डाग पडलेलं ते वीतभर कापड त्याला हलवता येईना.

सावंतबाई आल्या, रुमालाची घडी करून ऐसपैस बसल्या आणि मायेनं म्हणाल्या, "उभे का हो? जागा नाही मिळाली वाटतं?"