तिसऱ्या डिटेक्टरची जागा

मोकाशे सर पंप सुरू करण्याआधी प्रत्येकाला डिटेक्टर व्हायला लावत. म्हणजे डिटेक्टर बाजूला काढायचा, त्याच्या जागी आपला डोळा न्यायचा आणि काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं. मी धाराशिवच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात मलाही नव्या साडीत फरशीवर गुडघे टेकावे लागले.

आमच्या प्रयोगशाळेत एक निर्वात कोठी आहे. पोलादी, लग्नघरातल्या पातेल्याएवढी. पंपाने आतली हवा काढून टाकायची, मधोमध चौकटीत बसवलेल्या सोन्याच्या पातळ पापुद्र्यावर किरणोत्सारी स्रोतातले इलेक्ट्रॉन सोडायचे. आदळून ते कुठल्या दिशेला किती फेकले जातात, हे कोठीच्या खिडक्यांबाहेर उभे केलेले तीन डिटेक्टर मोजतात. सगळी मेख त्या उभं करण्यात. बोटभर इकडेतिकडे झालं की कालचे आकडे आजच्या आकड्यांना जुळत नाहीत.

हे काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा मी तिन्ही डिटेक्टर कोठीला जवळजवळ चिकटवले. जितकं जवळ, तितके कण जास्त, असा माझा साधा हिशेब. आकडे भरघोस आले. सरांनी पापुद्रा काढून ठेवून पुन्हा मोजायला सांगितलं, तरी आकडे जवळपास तेवढेच. म्हणजे मी मोजत होते ते पापुद्र्याला न शिवता कोठीच्या भिंतींवरून उडून आलेले कण. माझं माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं, हे सरांना ठाऊक होतं. म्हणाले, "बाई, तुमच्या वडलांना इचारा. गाभाऱ्यात वाकलेल्याला पायच दिसतात. सगळी देवी दिसती ती उंबऱ्यापशी उभारलेल्याला." मी वडिलांना खरंच विचारलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, तुझे सर खरं बोलतात.

वर्गात सर पुस्तकी मराठी बोलत. कोठीपाशी आले की थेट आपल्या गावचं, अणदूरचं. अंगात पांढरा बुशशर्ट. पत्नी गेल्यापासून बटणं स्वतःच लावत, त्यामुळे पोटावरचं एक बटण तपकिरी. आपण डोळा लावला की ते बरोब्बर समोर, कोठीच्या पलीकडच्या खिडकीमागे जाऊन उभे राहात. जागा बरोबर असेल तर पापुद्रा ती खिडकी पूर्ण झाकतो. चुकली असेल तर कडेने पलीकडचं दिसतं.

"बटण दिसतंय?"

"दिसतंय, सर."

"मग चुकलं. सरका."

जागा एकदा ठरल्या की त्या हलू नयेत म्हणून त्यांनी शहाबादी फरशीतच स्टँडच्या पायांसाठी खळगे पाडून घेतले होते.

पुढे एका मोठ्या प्रयोगशाळेने तिसरा डिटेक्टर काही महिन्यांसाठी मागितला. सरांनी दिला. मागणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. महिन्यांची वर्षं झाली. दोन दिशांचे आकडे पूर्ण होऊन बसले, तिसऱ्या दिशेचे अर्धेच. तेवढ्यासाठी त्यांचं आयुष्यभराचं मोजमाप अडलं. अशात प्राचार्यांना त्या रिकाम्या जागेत कपाट ठेवायचं होतं. सर म्हणाले, "आमच्या गावचा खंडोबा वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला ऱ्हायला जातो. म्हणून अणदूरच्या देवळात कुणी पोती रचत न्हाय." कपाट बाहेर व्हरांड्यात गेलं. स्टाफरूममध्ये मात्र विनोद सुरू झाला, सर, यंदा तुमचा देव नळदुर्गातच रमला वाटतं. सर हसत आणि चहा ओतून घेत.

निवृत्तीनंतरही ते गुरुवारी एसटीने येत. आधी फडक्याने खळग्यांतली धूळ काढत, मग विचारत, "आला का?" मी त्या प्रयोगशाळेला फोन करून कंटाळले होते. एकदा म्हटलं, नवाच घेऊ या. त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. "नव्याचं माप निराळं, पहिल्यापासनं मोजावं लागंल, बाई. तेवढा टाइम माझ्याजवळ न्हाय."

खरंच नव्हता. उन्हाळ्यात सर अणदूरला सकाळी अंगणात बसल्याबसल्या गेले. त्यांच्या मुलीने मला फोन केला, शेवटी विचारलं, त्या डिटेक्टरचं काय झालं. मी म्हणाले, येईल.

दिवाळीनंतर तो पार्सलने आला, जुन्या चादरीत गुंडाळलेला. सोबत एक ओळही नव्हती. काचेला तडा नाही, मोजतो आहे, एवढं तपासलं. स्रोत कुलपात होता, डोळ्याला धोका नव्हता. कोठीपाशी एमएस्सीच्या दोन मुली उभ्या होत्या; त्यांच्यासमोर मी गुडघे टेकले आणि तिसऱ्या जागी डोळा नेला. पापुद्र्याने पलीकडची खिडकी पूर्ण झाकली होती. खळगे होते तिथेच होते, जागा बरोबर होती.

बरोबर जागेवरून सर कधीच दिसत नसत.

मी डोळा बोटभर डावीकडे नेला. पापुद्र्याच्या कडेने खिडकी उघडी पडली. आणखी बोटभर नेला. मुलींपैकी एकीने विचारलं, "मॅडम, काय दिसतंय?" मोठ्याने सांगायचा नियम मीच त्यांना शिकवला होता.

"भिंत," मी म्हणाले. उठले, साडी झटकली, स्टँडचे पाय खळग्यांत बसवले आणि पंप सुरू केला.