रोझेरच्या मागच्या खोलीची जमीन

अमेरिकेच्या थंड उत्तरेकडल्या लुइस्टनमधल्या त्या घरात रोझेर पेल्तिए एकटाच राहायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी जोलीन दूर ॲरिझोनाला. सोबतीला खोल्या तापवणारे वाफेचे रेडिएटर. ते फुसफुसायचे, ठणठणायचे आणि हा त्यांना फ्रेंचमध्ये शिव्या घालायचा. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून गावातल्या तळघरांतले बॉयलर दुरुस्त केले. रविवारी चर्चमधून मी त्याच्याकडे जायचो. त्याच्या घोगऱ्या आवाजावरूनच कळायचं की आठवडाभरात त्याच्याशी बोलणारा मी पहिलाच माणूस आहे. मला त्याची कीव यायची आणि जोलीनचा रागही यायचा.

मागची खोली म्हणजे भिंती घालून बंद केलेला व्हरांडा. तिथे रेडिएटर नव्हता. पण खाली पाहुण्यांना तेवढीच जागा, वरचा जिना शिडीसारखा उभा. जोलीन एका नाताळात तिथे कुडकुडत झोपली, ती पुन्हा आली नाही. सप्टेंबरात फोनवर म्हणाली, "पपा, टेसा आता रांगते. त्या गारढोण लादीवर सोडू तिला?"

"एवढंच ना?" म्हणत त्र्याहत्तर वर्षांचा हा माणूस दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर बसून लाद्या उखडायला लागला.

बेत चांगला होता. बॉयलरमधलं गरम पाणी वाफेच्या खालून, पाण्याच्या पातळीखालून काढायचं आणि पत्र्यांच्या एका छोट्या पेटीतून फिरवून परत बॉयलरला द्यायचं. बॉयलरचं पाणी गंजाने तांबडं झालेलं, म्हणून पेटीच्या दुसऱ्या बाजूला स्वच्छ पाणी वेगळं. ते तिथे तापणार आणि पंप त्याला लाद्यांखालच्या प्लास्टिकच्या नळीत फिरवणार.

डिसेंबरात पंप सुरू केला. दाराकडची अर्धी खोली गरम झाली, खिडकीकडची गारच राहिली. मी खाली वाकून जमिनीची पातळी बघायची लेव्हल लावली.

"लेका, तू जमिनीलाच उतार दिलायस?"

"मग? उतार नसेल तर पाणी परत कसं येणार?"

"उतारानं परत येतं ते वाफेचं पाणी, शहाण्या! इथे पंप ढकलतोय. सगळी हवा तुझ्या वरच्या टोकाला जाऊन बसलीय."

रोझेरने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मला माहीत होतं रे फर्नां. यांना कोणी सांगितलं नव्हतं."

आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. खिडकीजवळच्या चार लाद्या काढून हवा सोडायची चावी बसवली. तासाभरात तो मोजे काढून खोलीभर फिरत होता. "फर्नां, बूट काढ. काढ म्हणतो ना!"

नाताळला जोलीन खरंच आली. रोझेरने बायकोच्या पद्धतीने मैद्याच्या पारीत डुकराचा खिमा भरून तूर्तिएर भाजली, कडा थोड्या करपवल्या. टेसा रांगता रांगता त्या जमिनीवरच पोटावर झोपून गेली आणि तो शेजारी आडवा होऊन तिच्याकडे बघत राहिला. सहा वर्षांत बोलला नसेल तेवढा त्या दोन दिवसांत बोलला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. आता या दोघी दर नाताळला येणार, कदाचित उन्हाळ्यातही.

जोलीन फोनवर खोलीचे फोटो काढत होती.

"काढ, काढ," रोझेर म्हणाला. "जावयाला दाखव म्हाताऱ्याचं काम."

"त्याला नाही पपा, घरं विकणाऱ्या बाईला पाठवतेय. या खोलीमुळेच तर अडलं होतं. आता आठवड्यात जाईल घर." ती त्याच्याजवळ बसली. तिने त्याचा हात हातात घेतला, आणि तो मायेनेच घेतला, हे मला कबूल करायला हवं. "आमच्या घरामागे तुमच्यासाठी खोली तयार आहे. इथे एकटे किती दिवस काढणार? तिकडे थंडीच नाही. बॉयलर नाही, काही नाही."

"कोणाच्याच घरी नाही?"

"कोणाच्याच नाही."

रोझेरने झोपलेल्या पोरीवरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

"मग मी दिवसभर काय करू, जोलीन?"

"आराम करा ना, पपा," ती म्हणाली.