फाटकाबाहेरचा जाणकार

लातुरातल्या कॉन्व्हेंटबद्दल जे काही ठाऊक असण्यासारखं होतं, ते सगळं एकट्या आमच्या घरमालकांना ठाऊक होतं, आणि त्यातलं निम्मं खुद्द कॉन्व्हेंटलाही ठाऊक नव्हतं. जिल्हा तेव्हा नवा होता. मी नांदेडहून बदली होऊन कलेक्टर कचेरीत आलो, तेव्हा फायली फरशीवर होत्या आणि कपाटं अजून यायची होती. घरमालकांच्या भांड्यांच्या दुकानामागे दोन खोल्या मिळाल्या. माझ्याबरोबर माझी धाकटी बहीण शिवकांता आणि तिची पाच वर्षांची दीपा. दीपाचे वडील नोकरीसाठी म्हणून हैदराबादला गेले ते गेलेच. आधी पत्रं यायची, मग तीही थांबली. मुदखेडला, आमच्या गावी, गल्लीतल्या बायका पाणी भरता भरता रोज विचारायच्या, "आले का गं जावई?" त्या प्रश्नापासून दूर म्हणून मी दोघींना इकडे आणलं.

घरमालकांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, परीटघडीचं धोतर. दुकान मुलाच्या स्वाधीन करून अप्पा सकाळीच कॉन्व्हेंटच्या फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसत. चहावाल्यानं त्यांच्यासाठी एक लोखंडी खुर्ची वेगळी ठेवली होती. शाळेच्या घंटेवर ते घड्याळ लावत. कुठली सिस्टर येतेय हे चेहरा दिसायच्या आधी चालीवरून सांगत. पोरांचे मोजे गुडघ्याखाली किती बोटं असावेत याबद्दल त्यांचं मत होतं आणि रस्त्यानं जाणाऱ्या पोराला थांबवून ते मोजे वर ओढायला लावत. फाटकाच्या आत मात्र त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आपलं काय काम हाय आत? बाहेरून सगळं दिसतंय की!"

त्या शाळेला सरकारी अनुदान नव्हतं आणि ती कुठल्या पुढाऱ्याच्या संस्थेचीही नव्हती. त्यामुळे तिथं कुणाची चिठ्ठी चालत नसे. नव्या जिल्ह्यात पाण्याच्या टँकरपासून शिपायाच्या नोकरीपर्यंत सगळं चिठ्ठीवर हलायचं, त्यामुळे ही गोष्ट लोकांना पचतच नव्हती. चिठ्ठी नाही तर मग चालतं काय? याचं उत्तर द्यायला अप्पा होते. आई-बापांना आत जाऊन विचारायचं भारी दडपण यायचं. इंग्रजीत काही विचारलं तर? मग ते आपले लिंबाखाली येत. अप्पा त्यांना तपशीलवार सांगत: मुलाखतीला बापाच्या खिशाला पेन पाहिजे, तोंडात सुपारी नको, आईनं बापाच्या आड लपायचं नाही, 'लई' म्हणायचं नाही. प्रार्थनेला डोळे मिटावेत, मनात 'ओम नमः शिवाय' म्हणावं, ओठ हलवू नयेत. रेणापूरकडच्या एका आजोबांनी दबक्या आवाजात विचारलं, "डोस्क्यावर पाणी शिंपडून बाटवत्यात म्हणं?" अप्पा खवळले. "अवो, ह्या दुष्काळात कुणाच्या डोस्क्यावर पाणी वाया घालवल कुणी?" आजोबांना ते एकदम पटलं आणि त्यांनी नातवाचं नाव घातलं. अप्पांच्या सल्ल्यातला तेवढा एक बरोबर निघाला, हे मला नंतर कळलं.

दुष्काळ मात्र खरा होता. नळ आठ दिवसांनी, तोही करंगळीएवढा. विहिरींचे तळ दिसायला लागले तेव्हा शाळेनं आपल्या बोअरचं पाणी मागच्या दारानं वस्तीला द्यायला सुरुवात केली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधलेली एक सिस्टर रांगेशी उभी राहून बायकांशी गप्पा मारायची. सगळ्या तिला पाण्याच्या सिस्टर म्हणत. शिवकांता रोज दोन घागरी आणायची आणि येताना तिचा चेहरा जरा मोकळा असायचा. एकदा म्हणाली, "दादा, त्यांनी सगळं विचारलं. मीबी सगळं सांगितलं. काही म्हणाल्या न्हाईत, फक्त घागर उचलू लागल्या."

दीपाला त्या शाळेत घालायचं शिवकांताच्या मनात तिथंच आलं. तिला स्वतःसाठी काही नको होतं. पोरीला कुणी 'टाकलेलीची' म्हणणार नाही अशा चार भिंती हव्या होत्या. तिनं अप्पांना विचारलं. अप्पांनी डोळे मिटून मान हलवली. "बाप लागतो, पोरी. दोघं समोर बसावे लागत्यात. बाप न्हाई तर फॉर्मच फाडत्यात." फॉर्म फाडताना कुणी पाहिलं, हे मी विचारलं नाही. अप्पा दोन दिवस बेचैन होते. त्यांचा जीव होता दीपावर, तिला रोज दुकानातल्या वाटीत फुटाणे द्यायचे. तिसऱ्या दिवशी तेच तोडगा घेऊन आले. "साहेब, तुम्हीच बसा बाप म्हणून. एक अर्ध्या तासाचा सवाल हाय. पोरीचं कल्याण होतंय." शिवकांता म्हणाली, "पाण्याच्या सिस्टरला ठाव हाय की." अप्पा हसले. "ती पाण्याची. तिचा अन् ॲडमिशनचा काय संबंध?"

महिनाभर तालीम चालली. अप्पा दुकानात उलट्या पातेल्यावर बसून मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, व्हायचे आणि दीपाला विचारायचे, "व्हाट इज युअर फादर?" दीपा म्हणायची, "माझे पप्पा कलेक्टर ऑफिसात आहेत." पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून 'मामा' म्हणाली तेव्हा अप्पांनी फुटाण्याची वाटी मागे ओढली. दुसऱ्या आठवड्यात ती चुकेनाशी झाली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

मुलाखतीला मी पेन लावून, शिवकांता आणि दीपाला घेऊन गेलो. फॉर्मवर 'वडील' या शब्दापुढे माझं नाव लिहून सही केली, आडनाव पोरीचं लावलं. दिवसभर दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढणारा माणूस मी. मोठ्या सिस्टरनी दीपाला वडील काय करतात विचारलं आणि ती घडाघडा बोलली, अडखळली नाही. तेवढ्यात दार उघडून किल्ल्यांचा जुडगा आत आला. "अगं शिवकांता! बरं झालं आलीस. आणि हे तुझे भाऊ ना, नांदेडचे? सिस्टर, हीच ती, मी सांगितलं होतं ना."

मोठ्या सिस्टरनी पेन खाली ठेवलं. खणातून एक यादी काढून आमच्यासमोर धरली. त्यात दीपाचं नाव पेन्सिलीनं आधीच लिहिलेलं होतं. "वडील नाहीत म्हणून आम्ही कुणाला परत पाठवत नाही. फॉर्मवर 'वडील किंवा पालक' असं छापलेलं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांच्या मागच्या खिडकीतून लिंब दिसत होता. खाली खुर्चीत अप्पा, कपाळावर हात धरून आमची वाट बघत होते. पाण्याच्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "लहान मूल आहे, सिस्टर." मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "म्हणूनच. तिला काय शिकवलं ते मी आत्ता ऐकलं. या वर्षी नाही." आणि त्यांनी पेन्सिलीचं नाव खोडलं. बाहेर आल्यावर दीपानं माझं बोट ओढलं. "मामा, मी चुकले न्हाई ना?"

अप्पांना मी सगळं सांगितलं, जरा जास्तच कडवटपणे. दुसऱ्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून आयुष्यात पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेले. कुणी अडवलं नाही. दहा मिनिटांत परत आले. "चूक माझी हाय म्हणून सांगितलं. पुढच्या साली घेतो म्हणाल्या." शिवकांतानं ऐकून घेतलं. म्हणाली, "अप्पा, जिथं बसून माझ्या लेकीनं मामाला बाप म्हणलं, तिथं मी परत तोंड दाखवणार न्हाई." ती शाळेच्या पाण्यालाही पुन्हा गेली नाही. पाऊस येईपर्यंत लांबच्या टँकरवर भांडून घागरी आणल्या. दीपा नगरपालिकेच्या शाळेत गेली.

अप्पा लिंबाखाली बसेनासे झाले. लोखंडी खुर्चीला गंज चढला. कुणी दुकानात विचारायला आलंच तर भांडं पुसत म्हणायचे, "मला काई मालूम न्हाई बापा. फाटक उघडं हाय. आत जाऊन इचारा." शाळेबद्दल त्यांनी कुणाला सांगितलेलं हे शेवटचं आणि सगळ्यात खरं वाक्य.

दीपा आता स्वतःच शिक्षिका आहे, किनवटकडे. अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला आली. त्यांनी तिचा हात धरून विचारलं, "माझ्यावर राग हाय का गं?" ती हसली. "अप्पा, फुटाणे लई गोड होते." त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मी बाजूला उभा होतो. मला राग होता. इतकी वर्षं मी तो जपून ठेवला होता, सगळा त्यांच्या नावावर. ते गेल्यावर तो ठेवायला जागाच राहिली नाही, आणि मग दिसलं ते साधंच होतं: फॉर्म माझ्या हातात होता, वाचायला मला येत होतं, आणि कचेरीला जाताना रोज मी त्या उघड्या फाटकावरूनच जात होतो.