गर्दीतच तापणारी गाडी

मुकुंदवाडी स्टेशनजवळ अजरा आपांचं गॅरेज आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की "मिस्त्री कुठं गेले?" असं विचारतं आणि आपा हात पुसत म्हणतात, "बोला, मीच." वडिलांच्या हाताखाली त्या हे काम शिकल्या.

एका दुपारी शेंद्र्याचा बन्सी वैतागून आला. त्याची गाडी सारखी तापत होती. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, रेडिएटरही साफ करून झाला होता.

"मोकळ्या रोडवर तापती का?" आपांनी विचारलं.

"नाय ना! तिथं लई मस्त पळती. गर्दीत हळू चालवली की काटा वर."

"पंख्याचं काही काम केलं होतं?"

"व्हय, मागच्या महिन्यात मोटर बदलली."

आपांनी इंजिन चालू केलं. पंखा फिरायला लागल्यावर त्यांनी समोरच्या जाळीपुढं वर्तमानपत्राचा कागद धरला. पंखा हवा आत ओढतो, म्हणजे कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून थेट बन्सीच्या तोंडावर आला.

आपा खळखळून हसल्या. "पंखा उलटा फिरतोय, भाऊ! गाडी पळताना वारा आपसूक आत जातो, म्हणून तिथं कळत नाही."

इंजिन बंद करून त्यांनी मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. मग दोघं मोंढ्याच्या गर्दीतून अर्धा तास फिरले. काटा मधल्या खुणेवरून हलला नाही.

बन्सीनं तिथूनच बायकोला फोन लावला. "आशा, तयार राहा. साडी घ्यायला गुलमंडीला जाऊ. असू दे कितीबी गर्दी!"